पिस्तुलाची कमान आणि कारागिराची कानस

पिस्तुलांच्या इतिहासात सेनापतींची नावे येतात, द्वंद्वयुद्धे येतात, लढायांच्या तारखा येतात. परंतु ज्या लहानशा पोलादी पट्टीवाचून पिस्तूल म्हणजे नुसती लोखंडी नळी, तिची हकीकत क्वचितच कानी पडते. ही पट्टी म्हणजे स्प्रिंग. आपले जुने घड्याळजी तिला कमान म्हणत. आमचे आयुष्य कामगारांत गेले, म्हणून आम्हाला या कमानीचा इतिहास सेनापतींच्या इतिहासाहून जवळचा वाटतो.

चकमकीच्या एकबारी पिस्तुलाचे यंत्र साधे असे. घोड्याच्या जबड्यात गारगोटी बसवलेली. घोडा मागे ओढला की आतील मुख्य कमान दाबली जाई. चाप ओढला की ती मोकळी होई, घोडा पुढे आदळे, गारगोटी पोलादी झडपेवर घासून ठिणग्या पडत, रंजक पेटे आणि बार उडे. ही कमान म्हणजे इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे दुमडलेली पट्टी. तिचा जोर कमी पडला तर ठिणगी नीट पडत नाही. आणि हत्यार एकबारी असल्याने घोडेस्वाराला दुसरी संधी मिळेलच असे नाही.

कमान थकते कशाने? रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली नियम सांगितला की, स्प्रिंग जितकी ताणावी त्या प्रमाणात तिचा उलटा जोर वाढतो. मात्र या नियमाला मर्यादा आहे. मर्यादेपलीकडे वाकवलेले पोलाद मूळ जागी परत येत नाही. आणखी एक गोष्ट जर्मनीच्या ऑगस्ट व्होलरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवली: एका वेळी सहज सोसेल असा भारही पुन्हापुन्हा दिला, तर धातू शेवटी तुटतो. ही चीर पुष्कळदा पृष्ठभागावरील ओरखड्यापासून किंवा गंजाच्या खड्ड्यापासून सुरू होते.

जाणत्या कारागिराला हे प्रयोगावाचून ठाऊक होते. तो पोलाद लालभडक तापवून विझवी, त्यामुळे ते कठीण होई, पण काचेसारखे ठिसूळही होई. मग निळी झाक येईपर्यंत पुन्हा हलके तापवून त्याला बेताचे पाणी देई. कानशीचे आडवे ओरखडे तो राहू देत नसे. पट्टी लांबीच्या दिशेने घासून गुळगुळीत करी. वापरणाऱ्याचीही कर्तव्ये होती. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषते, म्हणून नळी गरम पाण्याने धुवावी, आतल्या यंत्रावरची राख पुसावी, सर्व कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. घोडा चढवून हत्यार ठेवून देऊ नये. कमान काढायची तर शिकंज्यात धरून दाबावी, पेचकसाने उचकटू नये.

इतके करूनही कमान तुटे. आणि तुटली म्हणजे नवी कमान त्याच पिस्तुलासाठी हाताने कानसून जुळवावी लागे. एका पिस्तुलाची कमान दुसऱ्याला बसेल याची खात्री नसे. रणांगणावर असा कारागीर कोठून आणावा?

या अडचणीवर तोडगा निघाला तो अमेरिकेत. कनेक्टिकटच्या सिमियन नॉर्थने १८१३ साली सरकारशी वीस हजार पिस्तुलांचा करार केला. त्यात अट अशी की, कोणत्याही पिस्तुलाचा कोणताही भाग उरलेल्या कोणत्याही पिस्तुलाला बसला पाहिजे. हे वचन पुरते सिद्ध व्हायला पुढची कित्येक वर्षे गेली, परंतु दिशा ठरली. तुटलेली कमान टाकावी, पेटीतील दुसरी घालावी! शिपायाचे कल्याण झाले यात शंका नाही. पण माप कारागिराच्या हातातून निघून पोलादी गेजमध्ये गेले, आणि गेज होते मालकाचे.

त्याचे पडसाद हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रकारखान्यात उमटले. १८०६ ते १८०८ या काळात येथे एकबारी पिस्तुले बनली होती. तेथील कारागीर नगावर मजुरी घेत आणि आपल्या सवडीने येत-जात. १८४१ मध्ये कारभार लष्करी अधिकाऱ्याकडे गेला. घड्याळ लागले, कामाचे तास बांधले गेले. १८४२ मध्ये कारागिरांनी काम थांबवले, कालव्याने बोट करून त्यांनी वॉशिंग्टन गाठले आणि राष्ट्राध्यक्ष टायलर यांची भेट घेतली. त्यांना परत पाठवण्यात आले. घड्याळ राहिले.

यंत्रावर राग धरावा असे आम्ही म्हणत नाही. बदलता येणारा सुटा भाग ही मानवजातीची मोठी कमाई आहे. आमचे म्हणणे इतकेच की, कमान किती ताण सोसते हे शोधण्यास हूक झाला, व्होलर झाला. तिला ओल लागू नये म्हणून नियम झाले. ती बनवणाऱ्या माणसाला किती ताण सोसवतो, हे मात्र त्याला स्वतःच बोट करून सांगायला जावे लागले. संग्रहालयात असे पिस्तूल दिसले तर कारखान्याचे नाव जरूर वाचा. परंतु आतली कमान घासून गुळगुळीत करणाऱ्याचे नाव त्यावर नाही, हेही ध्यानात ठेवा.