एका खोलीची ऊब

यवतमाळ जिल्हा म्हटला की उन्हाळाच डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु पौषात येथील पारा काही वेळा दहा अंशांच्याही खाली उतरतो, आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून परतलेली कुटुंबे अंगणातील शेकोटीभोवती बसतात. कापसाच्या या मुलखात शेकोटीचे सरपण म्हणजे मागल्या हंगामाची रचून ठेवलेली पऱ्हाटी आणि तुराट्या. हे सरपण भडकन पेटते व लवकर विझते; ते वेचून, मोळ्या बांधून आणण्याचे कष्ट बहुधा स्त्रियांचेच. म्हणून जाळ एकाच ठिकाणी करायचा आणि सर्वांनी तेथे यायचे, अशी रीत पडली.

एक खोली तापवावी की सारे घर, हा प्रश्न थंड देशांत फार जुना आहे. रोमन धनिकांनी पोकळ जमिनीखालून भट्टीची गरम हवा खेळवून वाडे व स्नानगृहे उबदार केली. त्यापायी लाकूड अतोनात लागे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत थंड प्रदेशातील मठवासीयांना अधिक वस्त्रे द्यावीत, असे सांगितले. सुमारे 820 साली काढलेल्या संत गॉलच्या मठाच्या आराखड्यात शयनगृहाखाली एक उबदार दालन दाखविलेले आहे. पुढे बाराव्या शतकातील सिस्टर्शियन मठांत साधारणतः असे एकच दालन असे. त्याखेरीज अग्नी असे तो मुख्यतः मुदपाकखान्यात आणि रुग्णालयात. धडधाकट मठवासीयांनी थंडी सोसावी. आजारी व वृद्ध बंधूंनी मात्र सोसू नये, असा त्यामागचा विवेक आम्हांस दिसतो.

आधुनिक काळात बॉयलर आणि नळ्यांनी साऱ्या घराला ऊब देण्याची सोय सामान्यांच्या आवाक्यात आली. ब्रिटनमध्ये 1970 साली तीनांपैकी जेमतेम एका घरात ही सोय होती. आज दहांपैकी नऊंहून अधिक घरांत आहे. 2022 साली युक्रेनच्या युद्धानंतर गॅस कडाडला, तेव्हा तेथील असंख्य कुटुंबांसमोर तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. तेथे विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटाच्या सुमारे चौपट महाग पडते. त्यामुळे एकटा माणूस दोन तास एका खोलीत बसणार असेल, तर विजेचा हीटर स्वस्त. चार माणसे चार खोल्यांत चार हीटर लावू लागली, तर गॅसवर सारे घर तापविणेच परवडते. आणि गॅसच्याच व्यवस्थेत रिकाम्या खोल्यांच्या झडपा बंद केल्या, तर बचत आणखी होते.

वीज महाग का, याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. वणी परिसरातील खाणींचा कोळसा वीजनिर्मितीसाठी जातो. तेथे त्यातील उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. बाकीची वाया जाते. ती वीज घरी आणून आपण पुन्हा उष्णता करतो. हजार वॅटचा हीटर रोज चार तास लावला, तर महिन्याला 120 युनिटे होतात. शंभर युनिटांपुढे दर चढतो, हे ज्याच्या हाती वीजबिल येते त्याला सांगावयास नको. याउलट पैसे वाचविण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे म्हणजे विषारी कार्बन मोनॉक्साईडला घरात घेणे. ही बचत प्राणावर बेतते.

तेव्हा हिशोब एका खोलीच्याच बाजूने लागतो. मात्र एका अटीवर. त्या खोलीत घरातील सर्वांना जागा हवी. आज एकाच्या खोलीत हीटर चालतो आणि पडवीत खाटेवर म्हातारी आजी एका गोधडीत कुडकुडते, असेही घडते. मठांनी रुग्णांचा अग्नी सर्वांआधी पेटविला होता. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराने यंदाच्या हिवाळ्यात एवढे केले, आजीची खाट आधी उबदार खोलीत आणली, तरी त्या जुन्या नियमाचे मर्म आपण जाणले, असे आम्ही म्हणू.