सातबाऱ्यावरची ती एक ओळ

थोडं लांब लिहितोय. पण जव्हार-मोखाड्यात ज्यांच्या नावावर एक गुंठाही जमीन आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

पावसाळ्यात धबधबा बघायला आलेल्या एका पाहुण्याने मला विचारलं, "फार्महाऊसला दहा-वीस गुंठे मिळतील का इथे?" मी म्हटलं, "दादा, जमीन आदिवासींची आहे. अशी विकता येत नाही." तो हसला. "एजंट म्हणतो होतं सगळं. नाव तुमच्यातल्या माणसाचं, पैसे आमचे."

ही अडवणारी ओळ सातबाऱ्यावर आली कुठून, हे आपल्याच पोरांना माहीत नाही. म्हणून हा इतिहास.

१९४८ साली जव्हार संस्थान विलीन झालं. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली. पण मालकी आली तरी घरात दाणा नव्हता. पावसाळ्यात सावकाराकडून भात-नागली आणायची, फेडताना वाढीव द्यायची, नाही जमलं तर अंगठा उठवायचा. अशाने राज्यभर आदिवासींच्या जमिनी हातच्या गेल्या.

शेवटी सरकारला जाग आली. ६ जुलै १९७४ पासून जमीन महसूल संहितेत कलम ३६अ लागू झालं. पाच वर्षांपर्यंतचं गहाण किंवा भाडेपट्टा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. विक्री, बक्षीस, अदलाबदल असेल तर त्यावर शासनाचीही पूर्वमान्यता. शिवाय १९५७ ते १९७४ मध्ये बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत द्यायचाही कायदा झाला. त्यात एक मेख होती. ६ जुलै १९७४ पर्यंत ज्या जमिनीचा बिनशेती वापर सुरू झाला, ती या कायद्याबाहेर राहिली. म्हणजे शेत परत मिळू शकत होतं, पण त्यावर बंगला उभा राहिला असेल तर विषय संपला. हे नीट लक्षात ठेवा.

आता काही तरुण म्हणतात, "या कायद्यामुळेच आपल्या जमिनीला भाव नाही, बँक कर्ज देत नाही." त्यांचं दुखणं खरं आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्याला पैशाची किंमत मी काय सांगणार? सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री बावनकुळे यांनी आदिवासींना जमीन थेट खासगी भाडेपट्ट्याने देता येईल, एकरी वर्षाला किमान ५० हजार मिळतील, असं जाहीर केलं, तेव्हा अनेकांना बरं वाटलं.

पण भाव वाढला की तो आपल्यालाही लागतो. घरकुल मंजूर झालं तरी पायाखाली स्वतःची जागा लागते. जागा नसलेल्यांसाठीच्या सरकारी योजनेत सुरुवातीला ५०० चौरस फुटांपर्यंत ५० हजार रुपये मिळायचे. फार्महाऊसच्या भावात त्यात काय येणार? आपल्याकडच्या कातकरी कुटुंबांना विचारा, दुसऱ्याच्या जागेवर झोपडी असणं म्हणजे काय ते.

हे आपल्याकडेच घडतंय असं नाही. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या सेंट आयव्ह्ज गावात सुट्टीपुरती येणाऱ्यांनी घरं घेतली आणि गावच्या पोरांना घर परवडेना. २०१६ मध्ये गावाने सार्वमत घेऊन ठरवलं की नवीन घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल. त्यांना जाग आली तोवर बरीच घरं गेली होती. आपल्याकडे ती ओळ आधीच आहे. वर पेसा कायदा आहे, ग्रामसभा आहे.

म्हणून एवढंच सांगणं आहे. साठेखत असो, कुलमुखत्यारपत्र असो की "नुसती सही कर" असो, कागद आधी ग्रामसभेत वाचून घ्या. आपल्याच माणसाच्या नावाने दुसऱ्याला जमीन मिळवून देणारा तुमचा भाऊबंद असला, तरी त्याला जाब विचारा. आपल्या आज्यांनी अंगठे दिले ते वाचता येत नव्हतं म्हणून. आपल्याला वाचता येतं.

तुमच्या पाड्यावर काय चाललंय, खाली लिहा.