छिद्र मिटवण्याचा इतिहास : कोलोस्टोमीची दुसरी बाजू

१/ आतड्याच्या कर्करोगात वा गंभीर जखमेत मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर छिद्र पाडून बाहेर काढतात. हीच कोलोस्टोमी. ते छिद्र पुन्हा मिटवायचे कसे, या प्रश्नाने शल्यविशारदांना दीर्घकाळ छळले. त्याची ही कथा. 🧵

२/ १७१० मध्ये पॅरिसच्या अलेक्सी लित्र यांनी गुदद्वाराविना जन्मलेल्या बालकाचे शवविच्छेदन केल्यावर ही कल्पना मांडली. १७९३ मध्ये ब्रेस्त येथील द्युरे यांनी ती अशाच एका नवजात बालकावर यशस्वी केली. ते मूल ४५ वर्षे जगले. गुदद्वारच नसल्याने छिद्र मिटवण्याचा प्रश्न तेथे उद्भवला नाही.

३/ हर्नियात अडकून सडलेल्या आतड्याला पडणारे छिद्र मात्र मिटवणे आवश्यक होते. येथे आतड्याच्या दोन नळ्या बंदुकीच्या जोडनळीप्रमाणे शेजारी येतात आणि मधला पडदा मळाला पुढे जाऊ देत नाही. वरची त्वचा कितीही शिवली, तरी टाके तुटत.

४/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या द्युपुइत्रँ यांनी त्या पडद्यालाच चिमटा लावला. दाबाखाली पडदा काही दिवसांत मरे, भोवतालच्या भिंती एकमेकींना चिकटत आणि चिमटा आपोआप गळून पडे. मार्ग मोकळा झाला की छिद्र आकसू लागे. धोकाही मोठा होता : चिमट्यात आतड्याचे दुसरे वेटोळे सापडले, तर रुग्ण दगावण्याची भीती असे.

५/ १८२६ मध्ये लांबेर यांनी टाक्यांची नवी रीत दाखवली. कडा आत वळवून आतड्याचे बाह्य आवरण बाह्य आवरणाला भिडवायचे. हे पृष्ठभाग लवकर सांधतात. आतडे थेट शिवण्याचा पाया येथे घातला गेला.

६/ दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मोठ्या आतड्याच्या जखमांवर कोलोस्टोमी करण्याचा आदेश अमेरिकी सैन्याने काढला. परिणामी छिद्र मिटवण्याची शस्त्रक्रिया नित्याची झाली. सूज ओसरेपर्यंत थांबण्याचे महत्त्वही शल्यविशारदांना उमगले.

७/ आज छिद्राभोवतीची त्वचा कापून आतडे पोटभिंतीपासून सोडवतात, टाक्यांनी वा स्टेपलरने जोडतात आणि आत ढकलतात. तरीही जखमेत पू होणे, जोड गळणे, आतड्यात अडथळा येणे, त्याच जागी हर्निया होणे ही संकटे टळलेली नाहीत.

८/ १९९७ मध्ये बॅनर्जी यांनी त्वचा पूर्ण न शिवता थैलीच्या नाडीप्रमाणे आवळून मध्ये लहान फट ठेवण्याची पद्धत मांडली. त्या फटीतून स्राव वाहून जातो आणि जखमेत पू होण्याचे प्रमाण घटते. द्युपुइत्रँ यांच्या रुग्णांचेही छिद्र असेच, हळूहळू आकसत मिटत असे.