पिढीची सीमारेषा : १८४८ की १८७४?

वाङ्मयेतिहासकाराला पिढी हे कालविभागणीचे सोयीचे परिमाण वाटते. एखादे साल निवडावे, त्याच्या अलीकडे एक पिढी व पलीकडे दुसरी मानावी, की मांडणी सिद्ध होते. अर्वाचीन मराठी गद्याच्या संदर्भात हा मान बहुधा १८७४ ला, म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’च्या आरंभाला दिला जातो. ‘माले’ने मराठी निबंधाला जे वळण दिले ते पाहता हा मान अनाठायी नव्हे. तथापि ही रेषा कोठे उभे राहून आखली गेली, हेही तपासले पाहिजे.

पुण्याच्या बुधवार पेठेतून पाहिल्यास निराळे साल समोर येते. १८४८ मध्ये येथील भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्याच साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, स्थापन झाले. आणि त्याच साली ‘प्रभाकर’मधून लोकहितवादींची ‘शतपत्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. लोकहितवादींचा जन्म १८२३ चा, जोतीरावांचा १८२७ चा. वयाने दोघे एकाच पिढीचे. परंतु ग्रंथालय असलेल्या वाचकाची सोय करते. शाळा नसलेला वाचक घडवते. हा भेद जन्मसालांच्या कोष्टकात मावत नाही.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ च्या आपल्या निबंधात हेच सूत्ररूपाने मांडले. समान जन्मकाळ माणसांना इतिहासात केवळ एक स्थान देतो. त्या काळाच्या प्रश्नांत ती सहभागी झाली म्हणजे पिढी आकार घेते, आणि एकाच पिढीत परस्परविरोधी गटही संभवतात. १८५० साली जन्मलेले दोन लेखक याचा दाखलाच होत. चिपळूणकरांनी ‘माले’तून लोकहितवादींवर व फुल्यांवर कठोर टीका केली, त्यांचे समवयस्क कृष्णराव भालेकर यांनी सत्यशोधक विचारासाठी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. दोघांची पिढी एकच. मात्र त्या पिढीचे नाव पहिल्याच्या नियतकालिकावरून पडले.

मग जे लेखन कोणत्याच सीमेत बसले नाही, त्याचे काय? फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त आला, ‘निबंधमाले’च्या एकोणीस वर्षे आधी. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापली गेली. १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून फुल्यांनी तिची बाजू घेतली; पण स. गं. मालशे यांनी १९७५ साली ती पुन्हा प्रकाशित केली तेव्हाच ती अभ्यासकांच्या चर्चेत खऱ्या अर्थाने आली. रचनेने एका पिढीचा असलेला हा ग्रंथ परिणामाने दुसऱ्याच पिढीचा ठरला.

म्हणून पिढीची सीमा ठरवताना लेखकाच्या जन्मसालाइतकेच नव्या वाचकाच्या आगमनाला महत्त्व द्यावे लागेल. ज्या दिवशी अक्षरापासून वंचित राहिलेली व्यक्ती वाचू लागते आणि वाचलेल्याला उत्तर देते, त्या दिवशी पिढी बदलते. हा निकष स्वीकारला तर १८७४ ची रेषा पुसावी लागत नाही. मात्र तिच्याआधी १८४८ ची रेषा ओढावी लागते.