मुदतपूर्व प्रसूतीची जोखीमकारके

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जिवंत बाळाचा जन्म झाल्यास त्यास मुदतपूर्व प्रसूती किंवा अकाली प्रसूती असे म्हणतात. २८ आठवड्यांपूर्वीचा जन्म अतितीव्र मुदतपूर्व मानला जातो. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके मुदतपूर्व जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतात जन्मली. पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे हे जगातील प्रमुख कारण आहे.

आनुवंशिक कारके

जुळ्यांच्या व कुटुंबांच्या अभ्यासांवरून गर्भकाळाच्या लांबीतील फरकाचा सुमारे २५ ते ४० टक्के भाग आनुवंशिक असावा असे अनुमान आहे. २०१७ साली युरोपीय वंशाच्या ४३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात ईबीएफ१, ईईएफएसईसी व एजीटीआर२ या जनुकांचा मुदतपूर्व प्रसूतीशी संबंध आढळला. त्यांपैकी ईईएफएसईसी हे जनुक सेलेनियम या मूलद्रव्याच्या शरीरातील वापराशी निगडित आहे. त्यामुळे आनुवंशिकता आणि आहार यांचा परस्परसंबंध लक्षात येतो. भारतीय स्त्रियांवरील अशा संशोधनासाठी २०१५ मध्ये गुरुग्राम येथील शासकीय रुग्णालयात ‘गर्भिणी’ हा प्रकल्प सुरू झाला. विदर्भात आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजारही गरोदरपणात ही जोखीम वाढवतो.

पर्यावरणीय व इतर कारके

आधीची मुदतपूर्व प्रसूती, जुळी गर्भधारणा, जंतुसंसर्ग, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय, कुपोषण, तंबाखूसेवन आणि दोन गर्भधारणांतील अपुरे अंतर ही ज्ञात कारके होत. चुलीचा धूर, हवेतील सूक्ष्म धूलिकण आणि तीव्र उष्णता यांचाही संबंध अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आला आहे. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. त्यामुळे या भागात उष्णतेचा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

नागपुरातील संशोधन

नागपूर येथील लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन ही संस्था माता व बाल आरोग्यविषयक एका आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्यात सहभागी आहे. या जाळ्याने भारत, पाकिस्तान, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, केनिया, झांबिया व ग्वाटेमाला या सहा देशांत अल्पमात्रा अ‍ॅस्पिरिनची चाचणी घेतली. भारतातील केंद्रे नागपूर व बेळगाव येथे होती. पहिलटकरणींना गर्भधारणेच्या सहाव्या ते चौदाव्या आठवड्यांदरम्यान रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी सुरू करण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात १३.१ टक्के, तर अ‍ॅस्पिरिन गटात ११.६ टक्के होते. हे औषध केवळ वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाचे असते.

संशोधनातील अडचणी

शेवटच्या पाळीची तारीख नीट आठवत नसल्यास गर्भाचे वय चुकते आणि पूर्ण दिवसांचे परंतु कमी वजनाचे बाळ मुदतपूर्व म्हणून नोंदले जाऊ शकते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील नोंदणी व सोनोग्राफी आवश्यक ठरते. युरोपीय स्त्रियांवरील जनुकीय निष्कर्ष भारतीय स्त्रियांना जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही.

सामाजिक बाजू

पुष्कळ प्रसूतींत निश्चित कारण सापडत नाही. अशा वेळी मातेच्या खाण्यापिण्याला किंवा कामाला दोष देण्याची समाजात प्रवृत्ती दिसते. मात्र उपलब्ध संशोधनानुसार अनेक कारके एकत्र येऊन ही घटना घडते आणि त्यांतील बरीचशी मातेच्या हातात नसतात. लवकर जन्मलेल्या बाळाला ऊब, स्तनपान व संसर्गापासून संरक्षण मिळाल्यास त्याच्या जगण्याची शक्यता लक्षणीय वाढते. गडचिरोली येथील ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांची घरोघरी काळजी घेऊन ही बाब दाखवून दिली असून, त्यासंबंधीचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. दरवर्षी १७ नोव्हेंबर हा दिवस जागतिक मुदतपूर्व जन्म दिन म्हणून पाळला जातो.