टर्नरचे चांदणे आणि टाइन नदीचे कोळसेवाले

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण आम्हांस लाभले नाही. तरीही सागर, हवा आणि हमाल ज्यात एकत्र आले, अशा एका चित्राचा इतिहास आपणापुढे मांडावासा वाटतो.

इंग्रज चित्रकार टर्नर याने १८३५ साली हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले. टाइन नदीच्या मुखाशी कीलवाले चांदण्यात जहाजांवर कोळसा चढवीत आहेत, हा त्याचा विषय. ते घेतले मँचेस्टरच्या हेन्री मॅककॉनेल या गिरणीमालकाने. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे.

सपाट कापडावर मैलभराचे अंतर दाखवावे कसे? दूरच्या वस्तू नुसत्या लहान काढून भागत नाही. मधल्या हवेने, बाष्पाने, धुराने दूरचा काळा रंग फिका पडतो, कडा पुसट होतात. लिओनार्दोने हे आपल्या टिपणांत लिहूनच ठेवले होते. टर्नरने दोन्ही बाजूंस जहाजांचे गडद आकार उभे केले आणि मधून चांदण्याची रुपेरी वाट सोडली. नजर आत जाते तसतशी शिडे धूसर होतात. शेवटी पाणी कोठे संपले आणि आकाश कोठे लागले, हे कळेनासे होते. उजवीकडे मात्र मशालींचा तांबूस उजेड आहे. थंड चांदण्याशेजारी तो उष्ण रंग पुढे सरकल्यासारखा वाटतो. त्या उजेडात कीलवाले राबत आहेत.

हे कीलवाले कोण? वरच्या बाजूस नदी उथळ; मोठी जहाजे तेथे पोहोचत नसत. म्हणून कील नावाच्या सपाट होड्यांतून, एकीत सुमारे २१ टन, कोळसा खाली आणायचा आणि फावड्यांनी जहाजात भरायचा. या माणसांनी १७०१ साली स्वतःच्या वर्गणीतून न्यूकॅसलला आपल्या वृद्ध व आजारी बांधवांसाठी आश्रयगृह बांधले. पुढे धक्क्यावरून कोळसा थेट जहाजात ओतण्याची सोय वाढली आणि त्यांच्या पोटावर पाय आला. १८२२ साली त्यांनी सुमारे दहा आठवडे संप केला, तो फसला. टर्नरचे चित्र त्यानंतर तेरा वर्षांनी आले. कालांतराने तो धंदाच नाहीसा झाला.

चित्रात संप नाही, कीलवाल्यांचे चेहरेही ओळखू येत नाहीत. पण टर्नरने त्यांना दूरच्या धुक्यात ढकलले नाही. जवळ, मशालीच्या उजेडात ठेवले. चांदणे पाहून आपण सुखावतो, त्यात गैर काहीच नाही. मात्र ज्यांच्या कष्टाने ते बंदर जागे होते, त्या उजव्या कोपऱ्याकडेही नजर जावी, एवढेच आमचे मागणे आहे.