सोपारा

उत्तर कोकणातील प्राचीन बंदर. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यात, आजच्या नालासोपारा शहराच्या पश्चिम भागात त्याचे अवशेष आहेत. संस्कृतात शूर्पारक, पालीत सुप्पारक, अरबांच्या लेखनात सुबारा. उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला उल्हास नदीचे मुख, म्हणजे वसईची खाडी. या दोन मुखांमधल्या खाडीने वसईचा पट्टा पूर्वी मुख्य भूमीपासून तोडलेला होता. या आतल्या पाण्यात गलबतांना आसरा मिळे आणि घाटावरचा माल कल्याणमार्गे उतरे. बंदर वाढले ते यामुळे.

सोपाऱ्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणजे अशोकाचे शिलालेख. आठव्या आज्ञेचा तुकडा पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना 1882 मध्ये सापडला. नवव्या आज्ञेचा तुकडा 1956 मध्ये जवळच्या भुईगाव येथे मिळाला. राजाज्ञा कोरायची तर माणसांची वर्दळ असलेली जागा निवडतात, त्यामुळे हे गाव तेव्हाच नावारूपाला आले असावे. इ.स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी-पुस्तिकेत भडोचनंतरच्या बाजारपेठांत सुप्पारा आणि कल्याण ही नावे लागोपाठ येतात. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथे धर्मशाळा बांधल्या. इथल्या रामतीर्थासह चार ठिकाणच्या चरक नावाच्या धार्मिक समूहांना त्याने 32,000 नारळीची झाडे दिल्याचे नाशिकच्या लेण्यात कोरले आहे. दानात नाण्यांबरोबर नारळीही दिल्या जात.

बौद्ध कथांतला ‘पूर्ण’ नावाचा व्यापारी सोपाऱ्याचा. गावाच्या या बौद्ध नात्याची खूण जमिनीतही मिळाली. ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून गावकऱ्यांना ठाऊक असलेला उंचवटा इंद्रजींनी 1882 मध्येच खणला, तेव्हा तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी, पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक बसवलेल्या डब्या, भोवती बुद्धाच्या आठ कांस्यमूर्ती. मूर्ती स्तूपापेक्षा बऱ्याच उशिराच्या, म्हणजे भाविकांचा राबता शतकानुशतके टिकला होता. बंदरही चालू होते: उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या 1094 च्या खारेपाटण ताम्रपटात जकातमाफीच्या बंदरांत ठाणे आणि चेऊल यांच्याबरोबर शूर्पारकाचे नाव आहे.

पुढे खाडी गाळाने भरत गेली. बाराव्या शतकातला अरब भूगोलकार इद्रिसी सुबारा गजबजलेले म्हणतो, पण समुद्रापासून काहीसे आत असल्याचेही नोंदवतो. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि व्यापार सोपाऱ्याहून वसईच्या किल्ल्याखालच्या धक्क्यावर गेला. तिथे जहाजे बांधली जात. वसईचा दगड गोव्यापर्यंत जाई. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, परंतु तोवर मुंबई वर आली होती. पेशवे आणि इंग्रज यांच्यातला 1802 चा वसईचा तह ही वसई बंदराची शेवटची मोठी राजकीय नोंद.

त्यानंतरची भरभराट पाण्याची नाही, रुळांची आहे. 1867 मध्ये विरार ते मुंबईतील बॅक बे अशी रोज एक गाडी सुरू झाली, 1936 मध्ये विरारपर्यंत विजेची लोकल आली. केळी, फुले, विड्याची पाने आणि भाजीपाला पहाटेच्या गाडीने मुंबईला जाऊ लागला. गलबत जिथे भरतीची वाट पाही, तिथे चर्चगेटला किती वेळ लागतो यावर जमिनीचा भाव ठरू लागला. गेल्या चार दशकांत विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यासारखे पाडे इमारतींनी आणि चाळींनी भरले. वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूला लघुउद्योगांचे गाळे उभे राहिले. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांवर गेली. मच्छीमारीची हालचाल आता अर्नाळा, पाचूबंदर अशा किनाऱ्यांवर.

या वाढीसाठी खाजण आणि मिठागरांची सखल जमीन भराव टाकून वापरात आणली गेली. खाडीची वाट अरुंद झाली आणि पावसाचे पाणी तुंबू लागले. जुलै 2018 च्या पावसात नालासोपारा स्थानकाजवळचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल थांबल्या.